शेवटच्या पानामागचं पाकीट

निशाला हातावर हात धरून बसता येत नसे. कुकरची शिट्टी होईपर्यंत ती ओट्यावरचे डबे पुसून घेई, लिफ्ट येईपर्यंत ऑफिसच्या मेलला उत्तर देई, आणि समोरचा माणूस वाक्य पुरं करायला वेळ लावू लागला की ते वाक्यही तीच पुरं करून टाकी. हा तिचा मोठा गुण आहे असं तिच्या कंपनीतल्या साहेबांचं मत होतं. नवऱ्याचं, म्हणजे अभयचं, मत वेगळं होतं. पण ते पुरतं सांगण्याएवढा वेळ त्याला कधी मिळाला नव्हता.

अशा बाईच्या पोटी राजनंदिनी जन्माला आली होती. नंदू पाचवीत होती आणि तिला कशाचीच घाई नव्हती. बुटाची नाडी बांधताना मध्येच थांबून ती मुंगीची वाट मोकळी होईपर्यंत पाय उचलून धरायची. निशा दारात किल्ल्या वाजवत उभी असायची आणि तिचा जीव वरखाली व्हायचा.

बिबवेवाडीत, त्यांच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या सोडून, कल्याणीताईंचं मुलांचं वाचनालय होतं. जागा पूर्वी पिठाच्या गिरणीची, त्यामुळे पावसाळ्यात अजूनही तिथे बाजरीचा वास यायचा. कल्याणीताई आधी शाळेत शिकवायच्या. ते सोडून त्यांनी हे सुरू केलं होतं. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानामागे, पुठ्ठ्याला, एक खाकी पाकीट चिकटवलेलं असे. पुस्तक पुरं करणाऱ्या मुलाने आपल्याला काय वाटलं ते कागदावर लिहायचं आणि त्या पाकिटात ठेवायचं. पुढच्या मुलाने पुस्तक संपवल्यावरच पाकीट उघडायचं आणि आपल्याआधी वाचलेल्यांनी काय लिहिलंय ते बघायचं. म्हणजे तिथलं परीक्षण बाईंसाठी नसे, मार्कांसाठी तर नसेच. ज्याने तेच पुस्तक नुकतंच मिटलंय अशा कुणातरी मुलासाठी ते असे.

"आणि एखाद्याने आधीच पाकीट उघडलं तर?" नाव घालायला गेली तेव्हा निशाने विचारलं होतं.

"उघडू दे की," कल्याणीताई म्हणाल्या होत्या. "नुकसान त्याचंच. आम्ही पहारा ठेवत नाही."

नंदूला ते वाचनालय आवडलं. इतकं, की तिने तिथून एक पुस्तक आणलं आणि ते परत करायचं नावच घेईना. पुस्तकाचं नाव 'ढवळी कुठे गेली?' पातळसं, चित्रांचं. कमळी नावाची मुलगी आणि ढवळी नावाची तिची शेळी, एवढाच त्याचा जीव. ते संपलं की नंदू पुन्हा पहिल्या पानावर जायची. इकडे आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फोटो पडत होते: ऋतुजाच्या मुलाने एवढी पुस्तकं संपवली, अमकीच्या मुलीने तेवढी. निशा ते फोटो बघायची आणि मग सोफ्यावर पालथ्या पडलेल्या, पाय हवेत हलवणाऱ्या आपल्या मुलीकडे बघायची.

"अगं, दुसरं घे आता काहीतरी. तेच तेच काय?"

"तेच नाहीये," नंदू म्हणायची.

मग स्पर्धा जाहीर झाली. वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी हॉल आप्पासाहेबांच्या मंडळाचा मिळत असे. आप्पासाहेब निवृत्त मुख्याध्यापक होते आणि हॉल त्यांचा म्हटल्यावर सूचनाही त्यांच्याच असत. यंदा त्यांनी पुस्तक परीक्षण स्पर्धा सुचवली आणि परीक्षकपदही स्वतःच घेतलं. पहिला आलेल्याने आपलं परीक्षण स्टेजवर वाचायचं आणि नंतर सगळ्यांसमोर ते पुस्तकाच्या पाकिटात ठेवायचं, असं ठरलं. कल्याणीताईंना बक्षिसाची कल्पना फारशी रुचली नव्हती, पण निदान शेवट पाकिटात होतोय ना, म्हणून त्यांनी होकार दिला.

रविवारी दुपारी निशा मटार सोलत असताना नंदूने तिच्यापुढे कागद धरला. अभय मंडईत जाऊन पोतंभर मटार घेऊन आला होता, स्वस्त मिळाला म्हणून, आणि आता आपला काही संबंध नसल्यासारखा पेपर वाचत होता. कागदावर वाकड्या अक्षरात एवढंच होतं:

'शेवटचं पान वाचून मला आधी राग आला. मग मी ते परत वाचलं आणि राग गेला. कमळीने जे केलं ते मी पण केलं असतं. रडू येत नाही, नुसतं पोटात दुखतं. हे पुस्तक संपल्यावर लगेच दुसरं घेऊ नका.'

"हे काय?" निशा म्हणाली.

"परीक्षण."

"नंदू, परीक्षण असं असतं का? लेखकाचं नाव नाही, विषय नाही, भाषाशैली नाही. कमळीने काय केलं तेही नाही!"

"पाकीट उघडणाऱ्याने वाचलेलंच असतं ना. त्याला कशाला सांगायचं?"

"आणि 'दुसरं घेऊ नका' हे काय? वाचनालयाच्या स्पर्धेत असं लिहितात? हे परीक्षण नाहीये, बाळा. तुला अजून लिहिता येत नाही. आण, मी दाखवते."

हे तिने प्रेमानेच म्हटलं. निशा यवतमाळची. तिथल्या शाळेत निबंधाचं पहिलं बक्षीस तिने कधी कुणाला घेऊ दिलं नव्हतं. मग नोकरीसाठी ती पुण्यात आली, आणि पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर तिच्या तोंडून "काय करून राहिली?" निघालं. सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. त्या दिवसापासून निशा प्रत्येक वाक्य मनात एकदा धुऊन मगच बाहेर काढायची. आपल्या मुलीला या गावात कुणी हसू नये, एवढंच तिला हवं होतं.

तिने नंदूचा कागद बाजूला सारला, लॅपटॉप उघडला आणि लिहायला बसली. पुस्तक शेजारी होतं. मागच्या कव्हरवरचा मजकूर तिने वाचला, मधली काही पानं उलटली आणि शेवटचं चित्र बघितलं. बाजाराच्या गर्दीत कमळी गुडघ्यांवर बसली होती आणि तिचे दोन्ही हात ढवळीच्या मानेशी होते. निशाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिची बोटं भराभर चालू लागली. 'अखेर बाजारातल्या कोलाहलात ढवळी आपल्या लाडक्या कमळीला ओळखते आणि दोघींच्या त्या गळाभेटीने वाचकाच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहतात.' किती वर्षांनी आपण असं काही लिहितोय, असं तिच्या मनात आलं आणि तिला फार बरं वाटलं.

"परीक्षण कोणाचं आहे?" पेपरामागून अभयने विचारलं. "नंदू पाचवीत आहे असं मी ऐकून होतो."

"तू मटार सोल."

नंदू स्वच्छ अक्षरात उतरवून काढायला बसली. शेवटच्या परिच्छेदाशी ती थांबली.

"आई, तू पुस्तक वाचलंस?"

"चाळलं ना."

"पण आई, ढवळी तिला..."

"आता पण नाही नि बिण नाही. पाच वाजता द्यायचंय. लिही बघू."

नंदूने तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि लिहून टाकलं. तिचा पहिला कागद मटारच्या सालांबरोबर ओल्या कचऱ्यात गेला.

पहिलं बक्षीस नंदूला मिळालं. ग्रुपवर निरोप आला तेव्हा निशा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. पुढे मीटिंगमध्ये काय ठरलं ते तिला शेजारी बसलेल्याला विचारावं लागलं. तिने यवतमाळला आईला फोन केला, नागपूरला बहिणीला केला. आप्पासाहेबांनी लिहिलं होतं, 'शेवटाचं रसग्रहण विशेष हृद्य.' निशाने ते चार वेगवेगळ्या ग्रुपवर टाकलं.

नंदूने बातमी ऐकून घेतली. जेवताना तिने विचारलं, "ते पाकिटात जाणार?"

"जाणारच. स्टेजवर, तुझ्या हाताने."

नंदूने पोळीचा घास ताटात ठेवला. "मला नको बक्षीस."

"घाबरलीस होय? अगं, पाठ करून घेऊ आपण, काही होत नाही."

आणि मग निशाने पाठ करून घ्यायला सुरुवात केली. सकाळी वेणी घालताना, स्कूटरवर, बाथरूमच्या दाराबाहेरून. नंदू म्हणायची, सगळं बिनचूक म्हणायची, फक्त शेवटच्या वाक्याला तिचा आवाज इतका खाली जायचा की निशाला ते पुन्हा म्हणायला लावावं लागे. एकदा नंदू म्हणाली, "आई, पुढच्याला वाटेल की आपल्यालाच वाचता आलं नाही." निशा तेव्हा सिग्नलला हिरवा कधी होतो ते बघत होती. "कुणाला गं?" तिने विचारलं. पण सिग्नल सुटला आणि उत्तर हॉर्नच्या आवाजात गेलं. ती भीती स्टेजचीच आहे, हे निशाने मनाशी पक्कं धरलं होतं. तरी काहीतरी खुपत होतं. रोज संध्याकाळी ती उगाचच कपाटं आवरत सुटायची.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. मुलांना स्टेजच्या बाजूच्या खोलीत बसवलं होतं. निशा आणि अभय तिसऱ्या रांगेत होते. आप्पासाहेबांचं भाषण सुरू होतं आणि ते इतक्यात संपेल अशी काही चिन्हं नव्हती. निशाने पर्स उघडली, बंद केली. साडीची निरी सारखी केली. फोन बघितला.

"बस की जरा," अभय पुटपुटला.

"बसलेच आहे."

हाताला चाळा हवा म्हणून तिने मांडीवरचं पुस्तक उघडलं. नंदूने ते तिच्याकडे ठेवायला दिलं होतं. नेमकं शेवटचं पान उघडलं, कारण ते पुस्तक आता तिथेच उघडत असे. निशा वाचू लागली. दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं.

'कमळीने हाक मारली. ढवळीने वर बघितलं. मग तिने पुन्हा हिरव्या चाऱ्यात तोंड घातलं. कमळीने परत हाक मारली. ढवळीने या वेळी वर बघितलंही नाही. ढवळीच्या कानामागे एक गोचीड होती. कमळी खाली बसली, नेहमी काढायची तशी तिने ती गोचीड काढली, आणि घराच्या वाटेला लागली.'

निशाने चित्राकडे बघितलं. कमळीचे हात ढवळीच्या गळ्यात नव्हते. ते कानामागे होते. एका हाताची दोन बोटं चिमटीत धरल्यासारखी होती. इतकं स्वच्छ काढलेलं चित्र, आणि ते तिला दिसलं नव्हतं.

तिच्या पोटात दुखायला लागलं. अगदी खरोखरचं. 'रडू येत नाही, नुसतं पोटात दुखतं.' ते वाक्य तिला आठवलं. मग त्याच्या आधीचं आठवलं, आणि त्याच्या आधीचंही. आणि सिग्नलला नंदू काय म्हणाली होती ते तिला आत्ता, इतक्या दिवसांनी, ऐकू आलं.

"अभय, मला आत जायचंय. नंदूकडे."

"आता? अगं, तिचंच नाव घेतायत."

नंदू माइकपाशी आली होती. दोन वेण्या, नवा फ्रॉक, हातात कागद. निशाने तिसऱ्या रांगेतून हात हलवला, मान हलवली, नको नको म्हणून खूण केली. मागच्या बाईंना वाटलं, आई धीर देतेय. त्या कौतुकाने हसल्या. नंदूने आईकडे एकदा बघितलं आणि वाचायला सुरुवात केली. लेखकाचा परिचय झाला. भाषाशैली झाली. ग्रामजीवनाचं चित्रण झालं. निशाला स्वतःचा प्रत्येक शब्द लाजेने नकोसा झाला होता. शेवटच्या वाक्याशी नंदू थांबली. मग तिने एका दमात, मान खाली घालून, ते वाक्यही म्हणून टाकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! गळाभेटीचा तो प्रसंग मुलीने किती सुंदर टिपलाय," आप्पासाहेब माइकवर म्हणाले. "आता हे परीक्षण आपण पुस्तकाच्या पाकिटात ठेवूया. पुस्तक?"

पुस्तक निशाकडे होतं. अभयने ते पुढे पाठवलं. कल्याणीताईंनी ते नंदूसमोर उघडून धरलं, खाकी पाकिटाचं तोंड मोकळं केलं. फोटोवाला पुढे सरसावला.

नंदू हलली नाही.

"ठेव, बाळ," आप्पासाहेब म्हणाले.

नंदूने कागद छातीशी धरला. हॉलमधल्या एवढ्या मोठ्या माणसांपुढे तिने आईसाठी ते वाक्य म्हटलं होतं, पण पाकिटात ते ठेवायला तिचा हात पुढे होईना. कुणीतरी फिसकन हसलं. आप्पासाहेबांनी घड्याळ बघितलं आणि कागद घ्यायला हात पुढे केला. नंदूने तो पाठीमागे लपवला.

निशा उठली. लोकांच्या पायांवर पाय देत, "सॉरी, सॉरी" म्हणत ती रांगेतून बाहेर पडली आणि स्टेजच्या पायऱ्या चढली. वर गेल्यावर काय बोलायचं हे तिने मनात धुऊन घेतलं नव्हतं.

"ते ठेवू नका," ती म्हणाली. माइक जवळ होता, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "ते खोटं आहे. ते मी लिहिलंय. मी पुस्तक न वाचता लिहिलंय. शेवटी ढवळी तिला ओळखत नाही. ही मला सांगून राहिली होती आणि मी ऐकलं नाही."

'सांगून राहिली' तोंडातून निघालंच. या वेळी कुणी हसलं नाही, की हसलं ते निशाने बघितलं नाही.

आप्पासाहेब कल्याणीताईंकडे वळले. "ओळखत नाही?"

"नाही," कल्याणीताई म्हणाल्या. "आपण वाचलं असेलच."

"मी... चाळलं होतं," आप्पासाहेब म्हणाले.

"तेही बरंच म्हणायचं," कल्याणीताई म्हणाल्या आणि त्यांनी माइक बंद केला.

बक्षीस दुसऱ्या आलेल्या मुलाला गेलं. नंदूने ते जाताना बघितलंही नाही. निशा तिला बाजूच्या खोलीत घेऊन आली. मागोमाग कल्याणीताई पुस्तक, एक कोरा कागद आणि पेन घेऊन आल्या.

"तुझ्या कागदाशिवाय पाकीट जायला नको," त्या म्हणाल्या. "उद्या हे पुस्तक दुसऱ्या मुलीला द्यायचंय. तुझं लिही बघू."

नंदूने मान हलवली. "मला नाही येत लिहायला." तिने हे रुसून म्हटलं नाही. एखादी माहिती द्यावी तसं म्हटलं. निशाला ते आपलंच वाक्य आहे हे कळायला क्षणही लागला नाही, आणि तिला वाटलं, त्या रविवारी आपलेच हात कुणी बांधून ठेवले असते तर बरं झालं असतं.

तिने पेन उचललं आणि गुडघ्यांवर, खाली फरशीवर बसली.

"शेवटचं पान वाचून मला आधी राग आला," ती म्हणत म्हणत लिहू लागली. "मग मी ते परत वाचलं आणि राग गेला."

नंदूने वळून बघितलं. "तो कागद तर कचऱ्यात गेला."

"हो. मीच टाकला." निशाने वर बघितलं नाही, बघितलं असतं तर तिला लिहिता आलं नसतं. "कमळीने जे केलं ते मी पण केलं असतं. रडू येत नाही, नुसतं पोटात दुखतं."

हॉलमध्ये पुढचा कार्यक्रम सुरू झाला होता, पेटीचे सूर येत होते. निशाला कुठेही जायचं नव्हतं. ती पुढचं वाक्य लिहायला थांबली होती आणि नंदू विचार करत होती. तिने पुष्कळ वेळ घेतला. निशाच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं, पण ती गप्प राहिली.

"हे पुस्तक संपल्यावर," शेवटी नंदू म्हणाली, "लगेच दुसरं घेऊ नका."

"घेऊ नका," निशाने लिहिलं.

नंदू तिच्याशेजारी येऊन बसली. कागद तिने नीट बघितला, वरपासून खालपर्यंत. मग आईच्या हातातून पेन काढून घेतलं आणि कल्याणीताईंकडे दुसरा कागद मागितला.

"मीच लिहिते," ती म्हणाली. "तुझं अक्षर फार छान येतं, आई. कुणाला खरं वाटणार नाही."